साहेब (मादी) यांच्या पिसांची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र स्वतःच्या खुशीने आणि स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला द्यायला डॉक्टर आले तेव्हा मी त्यांच्यासमोर सुईत दोरा ओवला, पहिल्या खेपेला, चष्म्याशिवाय. त्यांनी निमूट सही केली. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. खांद्यावर एक पक्षी बसला आहे; वकील म्हणतात, तेवढे वजन कायद्यात दडपण धरत नाहीत.

घर आणि पैसे यांना वारस शोधावा लागत नाही, तो आपणच हजर होतो. हा कागद मी साहेबांसाठी करत आहे. साहेब म्हणजे वर सांगितलेला पक्षी: लव्हबर्ड, अंग हिरवे, तोंड गुलाबी, चोच सतत कामाच्या शोधात. चुकीच्या घरात पडले तर ते स्वतःची पिसे उपटतात. हे दोनदा झाले आहे. तिसऱ्यांदा थांबवायला मी नसेन.

व्याख्या. ‘साहेब’ हा शब्द पुल्लिंगी आहे, पक्षी नाही. हे आम्हाला उशिरा कळले. सवयीमुळे या कागदात साहेबांना कुठे ‘तो’, कुठे ‘ते’ आणि पुढे ‘ती’ म्हटले आहे. तिन्ही मिळून एकच पक्षी समजावा. कोर्टाने तीन पक्षी शोधत बसू नये.

कलम एक. घर, म्हणजे खाली दुकान आणि वर राहायची खोली, माझ्या मुलीला. बँकेत जे असेल तेही तिलाच. पडदे बदलू नयेत असे लिहिणार होते, पण ती बदलणारच, म्हणून लिहीत नाही.

कलम दोन. कापडाची मोठी कात्री मुलीला. या कात्रीने तिने किंवा जावयांनी एकदा जरी कागद कापला, तरी हे कलम रद्द होऊन कात्री कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाईल. जावयांनी मागे याच कात्रीने बिस्किटांचा पुडा उघडला होता. मला कळले नाही असे त्यांना वाटते.

कलम तीन. साहेब माझ्याकडे कसे आले आणि त्यांना काय झाले, हे ज्याला ते मिळतील त्याला माहीत असावे.

एक गिऱ्हाईक कोटाच्या बाह्या आखूड करायला आले. हातात पिंजरा होता. म्हणाले, "दोन मिनिटं ठेवतो." कोट न्यायला आले आणि पिंजरा विसरले. मी मागून हाक मारली तर चाल वाढवली. बाह्या मापापेक्षा जरा जास्तच आखूड झाल्या होत्या, याचे मला आता वाईट वाटत नाही. पक्षी हिरव्या कोटात मान ताठ करून बसे आणि माझ्या प्रत्येक टाक्यावर नजर ठेवी. म्हणून साहेब.

पुढच्या वर्षी साहेबांनी पिसे उपटायला सुरुवात केली. आधी छाती, मग पंखांखाली. कोट उसवल्यावर आतले अस्तर दिसावे तशी कातडी दिसू लागली. रस्त्यावरच्या प्रत्येकाकडे उपाय होता. एकाने आरसा आणून दिला. साहेबांनी आरशातल्या पक्ष्याचीही पिसे उपटून पाहिली. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, एकटा पडलाय तो. त्याला बायको आण."

"तुला नवरा आणला, तू कुठे नखं खायची थांबलीस?"

तरी आणली. साहेबांनी तिला पिंजऱ्याच्या कोपऱ्यात उभे केले आणि संध्याकाळपर्यंत हलू दिले नाही. पक्ष्यांच्या दुकानदाराने तिला परत घेतले, माझ्याकडे जरा संशयाने पाहून.

मग मला जे येते ते मी केले. मऊ फ्लॅनेलची बंडी शिवली. गळा, पंखांसाठी दोन मुंढे, पाठीवर एक बटण. माप देताना साहेबांनी टेप चावली, पण बंडी अशी बसली की मी चार पावले मागे सरून पाहिली. चहा ठेवून परत येते तो बंडी दोन तुकड्यांत खाली पडलेली. शिवण कुठे संपते ते त्यांनी शोधून काढले होते. माझी शिवण उसवणारे गिऱ्हाईक त्याआधी मला भेटले नव्हते.

शेवटी पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी रक्त पाहिले, कातडी पाहिली, खाण्याची चौकशी केली. दोष सापडला नाही. तेव्हा म्हणाल्या, "काकू, मी घरी येऊन बघते, तो राहतो कसा."

आल्या आणि बटणांच्या डब्यात डोकावल्या.

"काकू, हे काय आहे?"

"मोठं बटण असेल. कोटाचं."

"अंडं आहे."

"कुणाचं?"

"घरात तुम्ही आणि साहेब. तुमचं नसेल तर साहेबांचं."

मी खाली बसले. डॉक्टरीणबाई मात्र जमिनीकडे पाहत होत्या. म्हणाल्या, "हे शिवणाचं दुकान ना? मग चिंधी कुठे दिसत नाही ती?"

"दिसणारच नाही," मी म्हटले. मला ते कौतुक वाटले होते.

ते कौतुक नव्हते. त्यांनी समजावून सांगितले की या जातीची मादी कागदाच्या, सालीच्या लांब पट्ट्या फाडते, कमरेवरच्या पिसांत खोचते आणि घरट्याकडे नेते. माझ्याकडे तिला फाडायला काहीच नव्हते. कातरण पडले की मी झाडून टाकत असे. तेव्हा जे हाताशी होते ते तिने फाडले, म्हणजे स्वतःला. पिसे उपटायची कारणे पुष्कळ असतात, दुसऱ्या पक्ष्याला हेच लागू पडेल असे नाही, असेही त्यांनी बजावले. इथे लागू पडले.

कलम चार. कागदी नमुने. दुकानाच्या भिंतीवर खिळ्यांना खाकी कागदाचे नमुने टांगलेले असत. रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाचा एक, बहुतेक माझ्या नवऱ्याने कापलेले. समोर दुकान असलेल्या माझ्या दिरांचा या नमुन्यांवर फार दिवस डोळा आहे. त्यांना कळवण्यात येते की नमुने शिल्लक नाहीत. साहेबांनी फाडले.

घरात दुसरा कागद नव्हता. डॉक्टरीणबाई उभ्या होत्या, साहेबांची छाती उघडी होती, आणि मी पहिला नमुना खिळ्यावरून काढला. मुद्दाम मुख्याध्यापकांचा काढला. दर वर्षी पोट वाढवायचे आणि दोष माझ्या टेपला द्यायचा, हा त्यांचा शिरस्ता होता. साहेबांनी त्यांचे पोट आधी फाडले. मग वाणी गेला, मग पोस्टमन, मग सगळा रस्ता. कमरेत खाकी पट्ट्या खोचून साहेब टेबलावरून अशी चालू लागली की जणू टेप खोचलेला कारागीरच.

शेवटी एक उरला. लग्नात मी घातले त्या पोलक्याचा. नवऱ्याने बेतले होते. तेव्हा तो नवरा व्हायचा होता आणि माप घेताना त्याचा हात थरथरत होता, म्हणून डावा खांदा किंचित चुकला होता. मी तो काढला, परत टांगला, परत काढला. साहेबांनी डाव्या खांद्यापासून सुरुवात केली. पट्टी इतकी सरळ फाडली की नवऱ्याने पाहिले असते तर पक्ष्याला कामावर ठेवले असते.

काही दिवसांनी साहेबांच्या छातीवर टाचण्या दिसल्या. बारीक, राखाडी, टोकदार. मला वाटले, टेबलावर पडलेल्या टोचल्या. मी चिमटा घेऊन काढायला गेले. साहेबांनी बोट फोडले. मी घाबरून डॉक्टरीणबाईंना फोन केला.

"काकू, थांबा! काढू नका! पिसं आहेत ती, नवीन पिसं!"

मी दुकानात नाचले. शेजारच्या इस्त्रीवाल्याने दारातून पाहिले. तो या कागदाचा साक्षीदार आहे, त्याला हेही विचारता येईल.

कलम पाच. साहेब कोणाला.

मुलीला द्यावी, हे सरळ. ती मागतेही आहे. पण मला दवाखान्यात ठेवले होते तेव्हा साहेब तिच्याकडे होती. परत आली ती छाती उघडी घेऊन.

"आई, मी तिला इतकं स्वच्छ ठेवलं! दिवसातून तीनदा कचरा ओढायचं मशीन फिरवत होते."

"तेच झालं, बाळ."

ती माझीच मुलगी आहे. तिच्या घरात कागदाचा तुकडा जमिनीला टेकायच्या आत उचलला जातो. तिला पक्षी देणे म्हणजे दोघींना त्रास.

साहेबांना असे घर हवे जिथे कोणी झाडत नाही. असे एकच घर मला ठाऊक आहे.

नवरा गेल्यावर दुकान मी आणि दीर मिळून चालवत होतो. त्यांची बेतणी चांगली. बाकी सगळे जमिनीवर. मी म्हणायची, "भावजी, पाय कुठे ठेवू?" ते म्हणायचे, "वहिनी, दुकान आहे, दवाखाना नाही." मी खडूने मधोमध रेघ मारली. त्यांच्या चिंध्या रेघ ओलांडून आल्या. मी त्या झाडूने परत लोटल्या. एके दिवशी त्यांच्या चिंध्यांसोबत त्यांचा चष्माही लोटला गेला आणि त्यांनी समोर दुसरे दुकान घातले. तेव्हापासून आम्ही गिऱ्हाइकांमार्फत बोलतो.

परवा मी रस्ता ओलांडून त्यांच्या काचेतून आत पाहिले. कागद, कातरण, पुन्हा कागद. मशीनचे पाय दिसत नव्हते. माझा हात आपोआप झाडू शोधू लागला. मग त्या पसाऱ्यात साहेब कशी दिसेल, ते मनात आले आणि मी तिथेच काचेला डोके टेकून हसले.

म्हणून साहेब, तिचा पिंजरा आणि माझे कटिंगचे टेबल मी दिरांना देत आहे. यावरून त्या वेळी माझे चुकले होते असा अर्थ कोणी काढू नये. गबाळेपणा तो गबाळेपणाच. पक्ष्याला तो मानवतो, इतकेच.

अटी. दिरांनी दुकान झाडू नये. पाहुणे येणार म्हणूनही नाही. टाचण्या मात्र रोज लोहचुंबकाने उचलाव्यात. दोरा देऊ नये, तो पायाला गुंडाळतो. चकचकीत कागद देऊ नये. अंडे सापडले तर आधी डॉक्टरीणबाईंना फोन, मग गावाला बातमी. दिरांनंतर साहेब कोणाकडे, ते त्यांनी आपल्या मृत्युपत्रात लिहावे. मी सगळ्यांची कामे करणार नाही.

इथवर लिहून झाले आणि वकील म्हणाले, "बाई, त्यांना विचारलंत का? ते पक्षी नाकारू शकतात."

मी विचारले नव्हते. इस्त्रीवाल्याला समोर पाठवले. पुढचे मृत्युपत्रात घालायची गरज नाही असे वकिलांचे मत आहे. मी घालते.

दीर दारात येऊन थांबले.

"आत या, भावजी. मी मरणार आहे."

"कधी?"

"घाई नाही. हा पक्षी सांभाळाल का?"

"नमुने देणार असाल तर बघू."

"नमुने हिने फाडले."

"सगळे? दादाचे?"

"सगळे."

दीर खुर्चीत बसले. मी भांडायला तयार झाले. त्यांनी रिकामे खिळे एकेक करून पाहिले.

"सरळ फाडते का?"

"अगदी सरळ."

"दादासारखं?"

"दादापेक्षा. तिचा हात थरथरत नाही."

ते हसले आणि मग त्यांनी डोळे पुसले. त्यांच्या कॉलरमध्ये मागच्या बाजूला मापाच्या चिठ्ठ्या खोचलेल्या होत्या, पाच-सहा, एकीवर एक. साहेब माझ्या खांद्यावरून उडाली ती सरळ त्यांच्या मानेवर. एक चिठ्ठी ओढली, लांब पट्टी फाडली, मान वळवून कमरेत खोचली.

"अहो! बँकेच्या मॅनेजरची पँट आहे ती!"

"होती."

साहेबांनी दुसरी काढली.

"वहिनी, ही थांबते कधी?"

"कॉलर रिकामी झाली की."

दिरांनी हात वर केला. मला वाटले, हाकलणार. त्यांनी कॉलर जरा सैल केली आणि तिला पोचावे म्हणून मान खाली घातली. तसेच वाकून म्हणाले, "लिहा, कबूल. पण तुम्ही मरेपर्यंत कशाला थांबायचं? उद्यापासून दुपारची पाठवा हिला."

"एकटी रस्ता ओलांडायची नाही ती."

"मग तुम्ही घेऊन या. झाडू मात्र आणायचा नाही."

म्हणून शेवटचे कलम. उद्यापासून रोज दुपारी मी साहेबांना घेऊन दिरांच्या दुकानात जाईन आणि हात मांडीवर ठेवून बसेन. वकील म्हणतात, जिवंतपणी करायच्या गोष्टी मृत्युपत्रात लिहीत नाहीत. मी ही लिहिली आहे.

हा कागद वाचून, समजून, कोणतीही खाडाखोड न करता सही केली.

सही: शिवणकाम करणारी

साक्षीदार पहिला: इस्त्रीवाला. नाच पाहिला, सहीही पाहिली.
साक्षीदार दुसरी: पक्ष्यांची डॉक्टरीण. साहेबांची छाती आज तपासली, पिसे पूर्ण.

दिरांना सही करायची होती. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी सांगितल्यावर ते मॅनेजरचे माप पुन्हा घ्यायला गेले.

स्थळ: दुकान, कटिंगचे टेबल. दिवस: सोमवार, सुट्टीचा.