रिहामच्या खोलीवरचे पिंजरे

शनिवार, ६ जून

शिकून उंदीरच सांभाळायचे होते तर शिकलीस कशाला, असं आईनं बस सुटताना विचारलं. मी खिडकीतून हात हलवला. आज मी आनंदात आहे. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली, आणि प्राणिशास्त्राच्या पदवीवर मिळालेली ही माझी पहिली नोकरी.

घर गीझाच्या पलीकडे, शेतं संपून वाळू लागते तिथे आहे. मालकीण बदरिया; हज करून आलेली, म्हणून सगळे तिला हाग्गा म्हणतात. तिचा मुलगा शहाता वाळवंटातून साप धरून आणतो आणि मागच्या कोठीत ठेवतो. शहरातली एक प्रयोगशाळा त्यांचं विष नेते. त्यापासून सर्पदंशावरचं औषध होतं. सापांच्या खाण्यासाठी पांढरे उंदीर घरातच, गच्चीवरच्या खोलीत वाढवतात. हल्ली उंदीर रोगट निघू लागले, म्हणून प्रयोगशाळेनं शिकलेलं माणूस ठेवायला सांगितलं. ते माणूस मी.

काल शहाताची बायको रिहाम बाळंत झाली. मुलगी. त्यामुळे मला आल्या आल्या मोगात मिळालं. तूप आणि सुकामेवा घातलेलं हे बाळंतिणीचं गरम पेय मी दोन पेले प्यायले. हाग्गा मला 'डॉक्टरीणबाई' म्हणते. मी डॉक्टर नाही, असं सांगितलं तर म्हणाली, "उंदरांना कुठे कळतंय, पोरी."

मंगळवार, ९ जून

काम नीट समजलं. एका पिंजऱ्यात एक नर, चार माद्या. पोट दिसू लागलं की मादी वेगळी काढायची. व्याल्यावर तिसऱ्या दिवशी तिची पिल्लं घ्यायची. लहान सापांना तीच चालतात, बोटाच्या पेराएवढी, गुलाबी, डोळे मिटलेली. पिल्लं नेली की मादी दिवसभर भुसा उकरत राहते. एकीनं आज माझ्या थाळीच्या काठावर पुढचे दोन्ही पाय ठेवले आणि आत पाहिलं.

मी शहाताला सुचवलं की प्रत्येक मादीजवळ निदान दोन पिल्लं राहू द्यावीत. तो गंभीर चेहरा करून म्हणाला, मी विचारून बघतो सापांना, त्यांची हरकत नसेल तर माझी नाही.

हाग्गानंही एक नियम सांगितला. चाळीस दिवस बाळंतिणीच्या खोलीत कच्चं मांस घेऊन कुणी जायचं नाही. काळी वांगी नाहीत, नुकती दाढी केलेला पुरुषही नाही. नाहीतर दूध आटतं. मी मान डोलावली. आमच्याकडेही हे मानतात. माझ्या आईनं मानलं, आजीनं मानलं. कुणीतरी हे थांबवायला हवं ना.

शुक्रवार, १२ जून

बाळाचा सातवा दिवस. बाळाला चाळणीत निजवून हलवलं, हाग्गानं तिच्या कानाशी पितळी खल कुटला, आईचं ऐक, बापाचं ऐकू नकोस, असं बजावलं, आणि शहाता दारातून म्हणाला की आजीचं ऐकावंच लागेल, शेजारचेही ऐकतायत. रिहाम सात वेळा चाळणी ओलांडून गेली. नाव शम्स ठेवलं. रिहाम माझ्याच वयाची आहे. तिनं मला जवळ बसवून घेतलं आणि बाळ मांडीवर दिलं. किती हलकं असतं हे.

सोमवार, १५ जून

आज ते झालं. दुपारी मी मारलेल्या पिल्लांची थाळी घेऊन गच्चीवरून उतरत होते. जिना रिहामच्या दारावरून जातो. बाळ रडत होतं, रिहाम न्हाणीघरात होती. मी आत गेले, थाळी पलंगाच्या कडेला ठेवली, बाळाला उचललं. रिहाम आली, तिनं थाळी पाहिली. ओरडली नाही. ओढणी छातीवर घट्ट धरून भिंतीला टेकली. हाग्गाला सांगू नकोस, एवढंच म्हणाली.

अडाणीपणा आहे हा. मी तिला समजावलं की दूध कशानं येतं, कशानं जातं.

बुधवार, १७ जून

रिहामचं दूध गेलं. पार गेलं. भीतीनंही असं होऊ शकतं, पुस्तकात आहे. हाग्गानं मेथी उकळून दिली. औषधाच्या दुकानातून पावडरीचा डबा आणला. शम्स बाटली तोंडात घेत नाही. जिभेनं ढकलून देते.

मी हाग्गाला खरं सांगितलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "आता वजन करत जा तिचं, डॉक्टरीणबाई. तुला जे येतं ते कर."

रविवार, २१ जून

उंदरांच्या काट्यावर मी रोज शम्सचं वजन करते. चार दिवस ती काहीही प्यायलेली नाही. दीडशे ग्रॅम वाढलं आहे.

काटा तपासला. ठीक आहे. ती रडतही नाही. दुपारी सगळे झोपतात तेव्हा तर अगदीच शांत. हाग्गा म्हणते, अल्ला भरवतोय. रिहाम आज फक्त एवढंच म्हणाली की बाळाला आपला वास नकोसा झालाय.

वर माद्या खंगत चालल्या आहेत. पिल्लं काढून आठवडा झालेल्या माद्यांचं दूध सुकायला हवं. यांचे सड ओले आहेत. खाणं दुप्पट केलं तरी बरगड्या दिसतात.

बुधवार, २४ जून

पाळण्यात भुसा सापडला. माझ्या कपड्यांवरून आला असेल.

माझ्या कपड्यांवर भुसा नसतो. मी खाली येताना झगा बदलते.

जाळ्या तपासल्या. तीन पिंजऱ्यांची तार कोपऱ्यात वर उचललेली, कडा गुळगुळीत झालेल्या. पण माद्या सगळ्या आत. सुटलेला उंदीर पुन्हा पिंजऱ्यात येत नाही. मग कशासाठी—

शुक्रवार, २६ जून

पाहिलं.

दुपारची नमाज होऊन घर निजलं होतं. दार ढकललं. रिहाम भिंतीकडे तोंड करून झोपलेली. पाळण्यात शम्सच्या गालाशी पाच माद्या कुशीवर पडलेल्या, एकीला लागून एक, ओळीनं. तोंड एकीपाशी. पहिली संपली की ती उठत होती, दुसरी पुढे सरकत होती. त्यांना घाई नव्हती.

मला पाहून पळाल्या नाहीत. उरलेल्यांचं होऊ दिलं. मग उतरल्या आणि जिन्यानं वर गेल्या.

रिहामचे डोळे उघडे होते. किती दिवस उघडे होते ते मी विचारलं नाही.

शनिवार, २७ जून

शहाताला सांगितलं. आधी हसला. मग बाळाच्या हनुवटीखालचे बारीक ओरखडे पाहिले. पोती घेऊन गच्चीवर गेला. सगळे उंदीर सापांच्या कोठीत. दिवसभर तेच. मी मदत केली. मान धरून एकेक पोत्यात—

एक पिंजरा मी गच्चीवरच्या रिकाम्या कबुतरखान्यात लपवला. त्यात त्याच पाच माद्या. का, ते नीट सांगता येणार नाही. अभ्यासासाठी, असं मी स्वतःला सांगितलं.

रविवार, २८ जून

शम्स रडते आहे. काल दुपारपासून. बाटली नाही, चमचा नाही, शेजारच्या बाळंतिणीचं दूधही नाही. रिहामनं छातीशी धरलं तर ताठ झाली. आवाज बारीक होत चाललाय, अगदी बारीक, माणसाच्या बाळाचा नसावा असा—

वजन घटलं. शंभर ग्रॅम.

सोमवार, २९ जून. सकाळी

शहाता तिला इस्पितळात नेऊन आला. नळीनं दूध दिलं, उलटलं. सलाइन लावलं. उद्या परत आणा म्हणाले. उद्या. पुन्हा साठ ग्रॅम कमी. ओठ सुकलेत. टाळू खोल गेली आहे.

हाग्गा कुराण घेऊन बसली आहे. माझ्याकडे बघत नाही. माझ्यामुळे. थाळी मी ठेवली, उंदीर मी धरून दिले. दोन्ही वेळा मला खात्री होती.

रिहाम आत्ता आली होती. म्हणाली, "तू सगळे दिले नाहीस. मी मोजत होते जिन्यात." मी हो म्हटलं. तिनं बाळ माझ्या हातात दिलं आणि खाली गेली. वर नेतेस का, असं विचारलं नाही.

सोमवार, दुपारी

कबुतरखान्यात. दार मी उघडलं. झगा पसरून शम्सला त्यावर ठेवलं आणि पिंजऱ्याची कडी काढली. माझ्या हातानं. कुणी सांगितलं नव्हतं.

आल्या. पाचही. एकीनं शम्सची बाही दातांत धरून भुशाकडे ओढली, मग आपणच कुशीवर पडली.

पिते आहे. रडणं थांबलं. गालाला रंग येतोय, मी बघतेय, खरंच येतोय—

खाली शहाताचा आवाज. बाळ कुठे आहे विचारतोय. रिहाम सांगते आहे, माहीत नाही. जिन्यावर पावलं. मी आतून अडसर घातला आहे. अजून तीन माद्या बाकी आहेत, त्यांचं होईपर्यंत मी दार उघडणार नाही.