आठवं पान

४ मार्च
पोचलो एकदाचा! बसने जाखोडच्या फाट्यावर सोडलं, तिथून कोसभर पायी यायला तीन तास लागले, कारण वाटेत एक रबारी लंगडा उंट विकायला बसला होता आणि गिऱ्हाईक त्या रबाऱ्याच्या चौपट लबाड होतं. सौदा फिसकटेपर्यंत हललो नाही. पायाला भिंगरी म्हणतात ती हीच.

काम झकास आहे. गढीच्या बैठकीत भिंतीवर घराण्याचं झाड काढलंय, पानापानावर एकेका ठाकुराचं नाव. रंग उडालाय, तो मी नव्याने भरायचा. फाटकात वहीवाले राव हरदान बसले होते. घराण्याच्या पिढ्या लिहिणारे. आम्हा राजपुतांत पाणी नंतर विचारतात. शाखा कुठली, कुणाचा कोण, हे आधी. खरं सांगायचं तर मी उगमसिंह, फालन्याच्या बसअड्ड्यावर पंक्चर काढणाऱ्या पदमसिंहाचा मुलगा. एवढ्यावर शिळी भाकर मिळाली असती. म्हणून थाप ठोकली की माझे पणजोबा याच गढीचे धाकटे, भांडून गेलेले. रावांनी मला टाचेपासून टाळूपर्यंत पाहिलं. मग चांदीच्या ताटात बाजरीचा सोगरा, केर-सांगरीची भाजी आणि वाडगाभर तूप! बाबा म्हणतो ते खरं, थाप मारावी तर मिशीला पीळ देऊन.

५ मार्च
सकाळी छोगो दमामीच्या नगाऱ्याने जाग आली. रोज फाटकात उभा राहून तो पिढ्या म्हणतो, बापामागून बेटा. ठाकूर विजेसिंहांवर येतो आणि थांबतो. मान तिरकी करून, कुणी ओ देईल अशी वाट बघत. पुढचं विसरलास का बाबा, म्हणून मी चिडवलं. तर म्हणाला, "पुढचं नाव मिळू द्या, मग बघा घसा कसा लावतो, हुकूम." हुकूम, म्हणजे मालक! मला!

घर विजेसिंहांच्या सुतकात आहे. अंगणात पांढरी जाजम, आज अकरावा. बाराव्याला वारसाला पगडी बांधली की सुतक फिटतं. ठाकूरसा कधी गेले विचारलं, तर छोगो बोटांवर मोजायला लागला. दोन्ही हात झाले. मग सोडून दिलं.

७ मार्च
धुळवड. गावातून ढोल ऐकू येत होते. मी निघालो तर रावांनी दंड धरला. सुतकातल्या घरचा पोरगा रंग खेळत नाही म्हणे. मी हसलो. ते नाही हसले.

झाड जवळून पाहिलं. खालपासून एका पानातून दुसरं, असं नीट वर चढत जातं. शेवटी मात्र विजेसिंहांच्या एकाच देठाला सात पानं. सात मुलगे, सातही ठाकूर झाले. आणि आठवं पान, कोरं.

दुपारी माजीसांनी बोलावलं. ठाकूरसांच्या विधवा, पडद्याआड कोपऱ्यात बसून असतात. पोटभर जेवतोस ना रे, हाडं काय दिसतात तुझी, असं बरंच बोलल्या. सात ठाकुरांची आई, पण आवाज नव्या सुनेसारखा. मग पडद्यातून हात आला, ओंजळीत अफूचं पाणी. वडीलधाऱ्यांची ओंजळ नाकारत नाहीत. तीनदा प्यायलो. पाणी कडू, हात गार.

८ मार्च
आज अकरावा, छोगो म्हणाला. पाच तारखेलाही होता की! सात पगड्या बांधल्या, म्हणाला, एकही टिकली नाही, बारावा काही उजाडत नाही.

१० मार्च
झाडाच्या बुंध्याशी चुना खरवडला. आत कोळशाने लिहिलेलं. सात ओळी, सात वेगळी हस्ताक्षरं.
मी भेरूसिंह, गाव नाणा, बाप ठाकूर विजेसिंह.
मी जसवंत, गाव सोजत, बाप ठाकूर विजेसिंह.
सगळ्या अशाच. गावं सात, बाप एक. आणि प्रत्येक ओळीत बापाच्या जागी आधी दुसरं काही लिहिलेलं, मग अंगठ्याने पुसलेलं.

तसाच रावांकडे धावलो. पाय धरून सांगितलं की मी खोटं बोललो, माझा बाप पंक्चर काढतो. रावांनी शांतपणे वही उघडली. माझं नाव होतं. विजेसिंहांखाली. शाई जुनी, तपकिरी पडलेली. म्हणाले, सातव्या दिवशी सगळे हेच सांगतात, कुंवरसा.

११ मार्च
पळालो. भर दुपारी. कुणी अडवलं नाही. फाट्यावर बस मिळाली, चढलो, आणि आख्खी बस उठून उभी राहिली. कंडक्टरने हात जोडले. "खम्मा घणी, हुकूम! बाप गेलाय आणि तुम्ही निघालात कुठे? लोक काय म्हणतील?" एका म्हातारीने माझ्यासाठी डोळे पुसले. मी ओरडत होतो, माझा बाप जिवंत आहे. त्यांनी बस वळवली. गढीच्या फाटकापर्यंत आणून सोडलं. तिकीटसुद्धा घेतलं नाही —

१२ मार्च
न्हावी आला. डोकं, मिशी, सगळं उतरवलं. बापासाठी. चौघांनी धरलं होतं — हळुवार, नवरदेवाला धरतात तसं.
अंगणात केशरी पगडी वाळतेय. लांबच लांब.
लिहून ठेवतो. बाबा. फालना. डाव्या हाताचा अंगठा जॅकखाली चेचलेला. रबराच्या सोल्यूशनचा वास. रागावला की टायरला लाथ मारतो. पदमसिंह. पदमसिंह. पदमसिंह.

१३ मार्च
छोगो आज थांबला नाही.
विजेसिंहांनंतर माझं नाव घेतलं. आणि मी — मी ओ दिली. तोंडातून निघून गेली.
माजीसा पडद्याआड रडल्या. किती वर्षांनी उद्या बारावा, म्हणाल्या.

१४ मार्च
अंगठा चेचलेला कुणीतरी होता. टायर —
ही वही चाळली. कुणा पदमसिंहाचं नाव आहे. काल-परवा तीनदा लिहिलंय, माझ्याच अक्षरात. कोण हा? पंक्चरवाला. आमचा काय संबंध —
नगारा वाजतोय. पगडी घेऊन येताहेत. कोळसा हाताशी आहे, भिंतीवर लिहीन, पण आधी इथे, चुकू नये म्हणून —
मी उगमसिंह, गाव फालना, बाप ठाकूर