हौदावरची पांढरी साय

माय,

माह्या नातीच्या गालावर तुह्यावानीच कोड निघालं. त्याच बाजूले. मंगरूळपीरच्या डॉक्टरनं सनस्क्रीन देली, उन्हात निघायच्या आधी थापाले. पोट्टी मेथी खुडाले येते त जशी चक्कीतून निघाली. मी म्हनो, "पीठ झटकून ये व." ती हासे. जुड्या बांधून झाल्या की हौदात तोंड धुये, अन् पान्यावर पांढरी साय तरंगे. मले तू आठवे. लहानपनी तेलाचा हात मी याच हौदात बुडवला, त तू वल्या मेथीच्या जुडीनं माही पाठ शेकली होती. "म्हैस हायेस का? लोकं ही भाजी खातात!"

एक दिवस पोट्टी कॉलेजातून आइकून आली. म्हने, या क्रीममधे जस्ताचे कन असतात, डोयाले न दिसनारे, नॅनो. तोंड धुतलं की ते नाल्यात जातात, तिथून धरनात. पान्यातल्या बारक्या जीवाले बाधतात. मी म्हटलं, "तुह्या पनजीच्या लुगड्याचे चार पदर करू, पानी गाळून घेऊ."

"आजी, ते फडक्यात नाही अडकत."

"मंग घमेल्यात धू, वावराच्या बांधावर, धुऱ्यावर फेक."

"पाऊस आला की तिथूनही नाल्यातच जाते न!"

माह्यं तोंड बंद करनारी घरात हीच एक. दुसऱ्या दिवसापासून तिनं क्रीम लावनं सोडलं, कोनाले बोलली नाही. आठवडाभरात उन्हानं कोडावर फोड आला. तो फोड मले ओयखीचा. तुह्याही गालावर असाच आला होता. तू पदरानं पुसे अन् पुन्हा वाफ्यात वाके. त्याची जखम झाली, ती भरलीच नाही. मी माश्या हाकलत बसो. शेवटी तू तोंड भिताडाकडे करून गेली.

मी पोट्टीले खाटेवर बसवलं अन् माह्या हातानं क्रीम थापली. "आजी, पानी?" "पान्याचं मंग पाहू. मान हालवू नोको." आता ती घमेल्यात तोंड धुते, अन् मी घमेलं धुऱ्यावर नेते. कुठी ओतावं समजत नाही. तशीच उभी राह्यते.

तुले धाडाले पत्ता कुठचा? हा कागद चुलीत जाईन. पन एक सांगते. ही ट्यूब तुह्या वक्ताले भेटली असती, त अख्खा हौद पांढरा झाला असता तरी मी तुह्यं तोंड त्यातच धुतलं असतं.