देवाच्या काठीवरची सतरा जहाजं

ता. मुळशी, चैत्र वद्य सप्तमी

तीर्थरूप शंभूदादास,

जयाचा वाकून नमस्कार. (नैऋत्येकडे तोंड करून वाकले. नकाशावर तुझं जहाज शेवटचं तिकडेच दिसलं होतं.) तुझी तब्येत बरी असेल, पोटाला वेळेवर मिळत असेल आणि जहाजावर कुणाशी भांडत नसशील, असं धरून चालते. इकडे आईचा गुडघा पूर्वीसारखाच आहे, म्हैस व्यायली, आणि तुझ्या खोलीत उरवड्याच्या कारखान्यातली दोन मुलं भाड्याने राहतात. आप्पा बरे आहेत. जत्रेत देवाची काठी नाचवायची तुझी पाळी आली त्याच वर्षी तू जत्रेच्या आदल्या दिवशी निघून गेलास, तेव्हापासून त्यांनी तुझं नाव घेतलेलं नाही. तुझा फोन आला की ते गोठ्यात जातात. म्हशीला वाटतं, आपल्यावर फार माया आहे.

तुला ठाऊक नसलेली गोष्ट अशी, की माघात मी एक यंत्र आणलं. प्रत्येक मोठं जहाज आपलं नाव, जागा आणि वेग रेडिओवरून सारखं सांगत असतं. हे यंत्र ते ऐकतं आणि इंटरनेटवरच्या एका जगाच्या नकाशाला कळवतं. जो आपलं ऐकलेलं सगळ्यांना देतो, त्याला सगळ्यांनी ऐकलेलं फुकट बघायला मिळतं. ही कल्पना मला फार आवडली. घरटी शिधा गोळा करून आपण भंडारा घालतो, तसंच हे, फक्त गाव मोठं. आईला एवढंच हवं होतं, की तुझा फोन नसला तरी तू कुठे आहेस ते दिसावं. (नोंदणीच्या अर्जात मी ‘सागरी सुरक्षेसाठी’ असं लिहिलं. तेही खोटं नाही.)

अडचण एकच निघाली. समुद्र डोंगराच्या पलीकडे आहे. भूगोल घेऊन पदवीधर झालेल्या, घरातल्या पहिल्याच मुलीला हे यंत्र आल्यानंतर सुचलं. अँटेना उंच हवा, म्हणून तो मी देवाच्या काठीच्या टोकाला बांधला. तू कपाळावर हात मारशील. पण दादा, वर्षातले साडेअकरा महिने ती काठी आपल्याच गोठ्याच्या वळचणीला आडवी असते आणि तिच्यावर कोंबड्या बसतात. तीस फुटी सरळ बांबू गावात दुसरा नाही. आंब्याला टेकवून उभी केली आणि चाळीस दिवस ऐकत बसले. जहाजं शून्य. नकाशावाले दर आठवड्याला विचारायचे, आपलं केंद्र चालू आहे ना?

जत्रा आली तशी मी अँटेना सोडायला गेले, तर काठीचे जुने मानकरी कुशाबातात्या आडवे आले. म्हणाले, काठीला बांधलं ते देवाचं झालं, आता वर डोंगरावर देवाची भेट झाल्याबिगर सुटायचं न्हाई. मी म्हटलं, तात्या, हे यंत्र आहे. ते म्हणाले, “नवसाचं फडकं सुटत न्हाई, तर तुझं यंत्र लई शाणं लागून गेलं व्हय?” वायर लोंबेल, कुणाच्या तरी पायात येईल, असं मी म्हणतेय तोवर मागून आप्पा बोलले, “वायर धरंल ती.” यावर अर्धा तास खल झाला, कारण बायका काठीला शिवत नाहीत. शेवटी तात्यांनीच निवाडा दिला, की वायर म्हंजे काय काठी न्हवं, पर वढायची न्हाई.

अशी मी वरात काढली. पुढे हलगी, मग कमरेच्या शेल्यात काठी खोचून नाचणारे आप्पा, आणि मागे दहा मीटर वायरीच्या शेवटी मी. पाठीवरच्या दप्तरात यंत्र, हातात फोन. काठी फिरली की मी फिरायचे. वाटेवरच्या बायकांनी काठीवर कुंकू टाकलं आणि चुकायला नको म्हणून माझ्या दप्तरावरही टाकलं. वर धारेवर पोचलो, जिथून खाली कोकण धुरकट दिसतं. फोनवर एक ठिपका आला. मग तीन, मग नऊ, मग सतरा. मी किंचाळले. लोकांना वाटलं, अंगात आलं. एका मावशींनी माझ्या पायांवर पाणी घालून लेकीचं लग्न कधी ठरेल ते विचारलं. (मी ‘वेग बारा नॉट’ म्हणाले. त्यांनी पदराला गाठ मारून घेतली.)

आप्पांनी काठी दुसऱ्याकडे दिली आणि धापा टाकत माझ्या फोनवर वाकले. म्हणाले, “ह्यात त्याचं कंचं?”

दादा, ह्यात तुझं नव्हतं. तू चोवीस दिवस भर समुद्रात होतास, तिथलं ऐकायला कुणाचंही यंत्र नाही. चुकीच्या एका नोंदीने समुद्रात माणूस बुडू शकतो, असं घरभर सांगत हिंडणारी मी. मी एका ठिपक्यावर बोट ठेवलं. जहाजाचा फोटो उघडला. म्हटलं, हे. स्क्रीन विझेपर्यंत ते बघत राहिले. मग म्हणाले, “बरं चाललंय.”

आता ते रोज सकाळी विचारतात, “गेलं का म्होरं?” तिसऱ्या दिवशी ते मेलं जहाज न्हावाशेव्याच्या बंदरात लागलं. मी तेही सांगून बसले. तेव्हापासून आप्पा दाढी करून ओट्यावर बसतात आणि पिरंगुटकडून येणारी प्रत्येक गाडी थांबते का बघतात. आज चौथा दिवस.

जिथे असशील तिथे जपून राहा. आईचा आशीर्वाद.

तुझी,
जया

ता. क. खरं काम राहिलंच. तुझ्या कंपनीच्या मेलवरून हे तुला छापून देतील, ते मिळताच फोन कर. आईला नको, आप्पांना. आणि ‘मुंबईला लागलो होतो, पण सुट्टी मिळाली नाही’ एवढं खोटं माझ्यासाठी बोल.

पुन्हा ता. क. वरचं खोटं बोलू नकोस. पत्र पाठवायच्या आधी मला राहवलं नाही, आप्पांना सगळं खरं सांगितलं. म्हणाले, “ठावं हाय. तू दावलेलं जहाज तांबडं, त्याचं निळं हाय.” दादा, तुझ्या जहाजाचा फोटो आईच्या ट्रंकेत लुगड्यांच्या तळाशी आहे, आम्ही कुणी त्यांना तो दाखवलेला नाही. मग चार दिवस ओट्यावर कशाला बसलात, विचारलं, तर म्हणाले, “बसाया काय जातंय.” संध्याकाळी त्यांनी आपला फोन माझ्यापुढे धरला आणि त्याचा आवाज मोठा करून मागितला. कुणाच्या फोनसाठी ते मी विचारलं नाही.