लेकीच्या सरावाची पेशंट

अहो,

घरभर शोधताय तो चष्मा कपाळावर असेल, आधी खाली घ्या. मी सांगते आहे, नात लिहिते आहे.

मी मजेत आहे, फक्त आठवडाभर रोज आजारी पडत होते. आपली लेक इतकी वर्षं दवाखान्यात आया आहे ना, परीक्षा घेणाऱ्या कॉलेजच्या बाईंची खात्री पटली तर त्या अनुभवाचे गुण धरून नर्सिंग कॉलेज तिला थेट दुसऱ्या वर्षाला घेणार. परीक्षेत रुग्णाची कूस बदलायची आणि ती का बदलली, ते बाईंना सांगायचं. सरावाला रुग्ण मी.

काल परीक्षा झाली. बाईंनी विचारलं, "असं का वळवलंस?" तर ही तिथल्या खाटेवरच्या पेशंट म्हातारीलाच समजावत बसली, "आजी, पाठीला जखम होऊ नये ना, म्हणून." बाई नुसत्या लिहीत राहिल्या. चांगलं की वाईट, कळेना. लेक म्हणते, "नाही जमलं तर पोरीच्या वयाच्या मुलींबरोबर पहिल्यापासून बसेन, आई." असं म्हणते आणि धुतलेली भांडी पुन्हा धुते.

गोळी घेता ना? मांजर जेवतं का?

भुईमुगाच्या शेंगा पाठवा. सोललेले दाणे नकोत. निकाल येईपर्यंत आम्हा दोघींच्या हातांना काहीतरी काम हवं.

तुमचीच,
आता बरी झालेली