खुनी कोण, ते पहिल्या पानावर

सोमवार, ११ मार्च
तपास सुरू. ही नवी वही फक्त त्यासाठी. घरचं रडगाणं इथे लिहायचं नाही, असा निश्चय.

घटना अशी. आमच्या वाचनालयातलं कपाट नंबर नऊ म्हणजे मध्ययुगीन खूनकथा. मठ, किल्ले, घंटा, बर्फ, विष आणि एक हुशार म्हातारा साधू. सगळ्यात जास्त फिरणारं कपाट. आज सकाळी रिटायर्ड डेंटिस्ट काउंटरवर आले, पुस्तक आपटलं आणि म्हणाले की हा काय चावटपणा आहे. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं होतं:

खुनी – कोठीवाला साधू. पान २८७.

चारशे पानांचं पुस्तक, आता मी त्यातली चित्रं बघत बसू का, असं त्यांनी विचारलं. चित्रं नाहीत, असं मी सांगितलं. ते आणखी भडकले.

ग्रंथपाल मॅडमनी बोलावून घेतलं. छडा लावा, नाहीतर महिनाअखेर कपाट नऊ बंद आणि पुस्तकं रद्दीत, म्हणाल्या. आठवड्याभरात गुन्हेगार तुमच्या टेबलासमोर उभा करतो, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या की उभा वगैरे नको, थांबवा म्हणजे झालं.

सोळा वर्षं सहायक ग्रंथपाल आहे. याच दिवसाची वाट बघत होतो.

मंगळवार, १२ मार्च
कपाट नऊ पूर्ण तपासलं. एकसष्ट पुस्तकं, त्यातली तेवीस बाधित. सगळीकडे तोच कोपरा, तीच कडक टोकाची पेन्सिल. अक्षर उभं, सुटं, नकाशावर गावांची नावं लिहितात तसं. ओळखीचं वाटलं. पण सराईत गुन्हेगार मुद्दाम ओळखीचं वाटेल असंच अक्षर काढतो.

खोडरबर घेऊन बसलो. खोडलं तरी बोट फिरवल्यावर खाच लागते. खिडकीशी तिरकं धरलं की नाव परत वर येतं. तेवीस खुनी खोडले आणि तेवीसच्या तेवीस माझ्याकडे बघत राहिले. दुपारचं जेवण गेलं नाही.

संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. बाबा चौतीस वर्षं नकाशांच्या खात्यात ड्राफ्ट्समन होते. या खूनकथांचे जुने भक्त. माझ्या कार्डावर दर आठवड्याला दोन आणून देतो. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, मग खुनी कोण निघाला? तेच तर शोधतोय, म्हटलं. जेवताना त्यांनी पुन्हा विचारलं. हात धुताना पुन्हा. विषयात इतका रस घेणारं माणूस घरात आहे याचं बरं वाटलं.

गुरुवार, १४ मार्च
(घरचं लिहायचं नाही, पण तपासात अडथळा येतो म्हणून एवढंच.) बायको म्हणते, बाबांना डॉक्टरकडे न्या. काल त्यांनी पेटत्या गॅसवर रिकामं पातेलं ठेवलं आणि तिला विचारलं की आई उठली का. आईला जाऊन सहा वर्षं झाली. मी म्हणालो, बाबांचा स्वभाव पहिल्यापासून मिश्कील. बायको म्हणाली की पातेलं लाल झालं होतं, त्यात मिश्कील काय ते सांगा.

रविवारी नक्की नेतो, असं कबूल केलं.

रविवार, १७ मार्च
डॉक्टर राहिले. संशयितांची यादी करायची होती.

तेवीस पुस्तकं कुणाकुणाकडे गेली होती ते रजिस्टरमधून उतरवून आणलं होतं. सगळ्या तेवीसमध्ये एकच कार्ड समान निघालं. माझं. स्वतःला ताबडतोब वगळलं, कारण मी लिहिलेलं नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. इतकी स्वच्छ साक्ष दुसऱ्या कुणाचीच नाही. उरले एकशे चार.

तपासाचा भाग म्हणून बाबांना विचारलं की या गोष्टींत एवढं काय आहे. बाबा एकदम सरळ बसले. म्हणाले, त्या काळात ना कॅमेरा, ना बोटांचे ठसे. एक भिंत, आत चाळीस माणसं. बर्फ पडलं, फाटक बंद. बाहेरचं कुणी येणार नाही, आतलं कुणी जाणार नाही. एक माणूस मेला, साधा लोकर पिंजणारा का असेना, की तो साधू प्रत्येकाकडे जातो आणि विचारतो, घंटा झाली तेव्हा तू कुठे होतास? आणि प्रत्येकाला आठवतं. काय मजा आहे बघ, म्हणाले, प्रत्येकाला आठवतं.

किती स्वच्छ बोलले! हे बायकोला मुद्दाम ऐकवलं. ती ताटं उचलून गेली.

सोमवार, १८ मार्च
आजपासून साधूची पद्धत. भिंग घेतलं. चॉकलेटी स्वेटर, रबरी तळव्याच्या चपला. मॅडमनी एवढ्या उकाड्यात स्वेटर का, असं विचारलं. तपासाची गरज, म्हणालो.

दुपारी तीनला वाचनालयात चिटपाखरू नसतं. पंख्याने एखादं पान उलटतं तेवढाच आवाज. कपाट नऊसमोर उभा राहिलो आणि पुस्तकं हुंगली. अकरा पुस्तकांच्या पहिल्या पानांना वास. लवंगेचं तेल!

लवंगेचं तेल म्हणजे दात. दात म्हणजे डेंटिस्ट. स्वतःच तक्रार करून संशय दूर ठेवायचा, हा जुना डाव. आनंदाने घाम फुटला. (स्वेटरही होता.)

गुरुवार, २१ मार्च
डेंटिस्टना वाचनकक्षात गाठलं. समोर बसलो, घंटा झाली तेव्हा तुम्ही कुठे होता, असं विचारलं. कुठली घंटा, म्हणाले. मी भिंग काढून लवंगेच्या तेलाचा पुरावा मांडला. त्यांनी ते भिंग उचलून बाजूला ठेवलं. मग अगदी हळू म्हणाले की महिन्याभरापूर्वी दाढेसाठी लवंगेचं तेल मी तुमच्या वडिलांना लावायला सांगितलं होतं. एकाच दिवशी त्यांनी ते मला चार वेळा विचारलं. तुम्ही घरी जरा लक्ष द्या.

ही सरळ सरळ धमकी आहे. वहीत नोंद केली. यादीत त्यांच्या नावापुढे दोन फुल्या.

बाबांच्या दाढेला संध्याकाळी तेल मीच लावलं. बोटांना वास राहिला. साबणाने दोनदा हात धुतले.

शनिवार, २३ मार्च
गुन्हेगार माझ्याशी बोलू लागला आहे.

मठातल्या तळघराची गोष्ट. साधू कंदील घेऊन खाली उतरतो त्या पानावर, १४३, समासात तेच अक्षर:

इथपर्यंत वाचलं तेव्हा मी कुठे होतो?

मागे वळून बघितलं. रिकाम्या खुर्च्या. कपाटाच्या काचेत स्वेटरवाला एक माणूस उभा होता, तो मीच. आणखी तीस पानांनंतर, फिकट:

दार कोणत्या बाजूला?

हा मला डिवचतोय. तो कुठे बसून लिहितो हे मी शोधावं, अशी त्याची इच्छा दिसते. पाचावर धारण बसली असं कुणी म्हणेल, पण तसं नाही. एसी वाढवलेला होता. आमच्याकडे एसी नाही, पण पंखा जोरात होता.

घरी उशिरा गेलो, पावणेआठला. बायको म्हणाली की बाबा सहापासून बूट घालून दाराशी बसतात. रोज. तुम्ही येईपर्यंत हलत नाहीत. किती ही माया, म्हटलं. ती म्हणाली, मायाच आहे, पण वेळेवर येत जा.

पुढच्या आठवड्यापासून सहाला घरी. निश्चय.

सोमवार, २५ मार्च
कोरं करकरीत पुस्तक. शुक्रवारी गठ्ठा फोडला तेव्हा पहिल्यांदा मीच हातात घेतलं, पिशवीत टाकलं, बाबांना दिलं. आज परत आणलं. कोपऱ्यात:

खुनी – राजवैद्य. वाचलं.

त्याच्याखाली: पुन्हा वाचलं. त्याच्याखाली आणखी एक आडवी रेघ.

तीन दिवसांत तीन वेळा! म्हणजे टोळी आहे. आणि टोळीचा हात माझ्या पिशवीपर्यंत पोचला आहे. बसमध्ये पिशवी पोटाशी धरून बसायचं ठरवलं.

आज घरी सात वीसला. काम होतं.

बुधवार, २७ मार्च
काम नव्हतं. साडेपाचला वाचनालय बंद झाल्यावर कोपऱ्यावरच्या बाकावर बसलो होतो. विचार करायला शांतता लागते.

घरी गेलो तर बाबा उठून उभे राहिले, मला साहेब म्हणाले आणि सांगितलं की नदीकाठच्या नकाशाची शीट उद्यापर्यंत होईल, फक्त नावं भरायची आहेत. मी हसलो. ते हसले नाहीत. मग मीच म्हणालो की ठीक आहे, सावकाश होऊ द्या. त्यांना फार बरं वाटलेलं दिसलं.

नंतर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि थोडा वेळ उभा राहिलो. उकाडा फार.

बायकोने डॉक्टरांचा नंबर कागदावर लिहून माझ्या भिंगाच्या डबीत ठेवला आहे. एकदा हा तपास संपू दे.

शुक्रवार, २९ मार्च
सापळा. आणखी एक कोरं पुस्तक. पहिलं पान स्वच्छ असल्याबद्दल मॅडमची सही घेतली. टोळीला पिशवीत हात घालता येऊ नये म्हणून सुरक्षित जागी ठेवणार: बाबांच्या टेबलावर. उद्या दांडी, परवा सुट्टी, मी घरीच. बाहेरून जो येईल तो सापडेल. मॅडमना योजना सांगितली. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि रजा मंजूर केली. मी मागितली नव्हती.

रविवार, ३१ मार्च
बाहेरून कुणी आलं नाही.

सकाळी दहाचा सुमार. ऊन टेबलावर आलं होतं. मी दाराआड. बाबांनी खण उघडला, पेन्सिल घेतली, ब्लेडने तासली, टोक कागदावर घासून बारीक केलं. शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी असंच करायचे. माझ्या सगळ्या वह्यांवर नाव, इयत्ता, विषय. वर्गात माझ्याइतक्या सुबक वह्या कुणाच्याच नसायच्या. गुरुजी वर धरून दाखवायचे.

पुस्तक उघडून ते बराच वेळ लिहीत होते. थांबत होते, खिडकीबाहेर बघत होते, परत लिहीत होते. लिहून झाल्यावर पान वाचलं आणि पुस्तक उशीखाली ठेवलं.

मी बघितलं नाही. साधूसुद्धा घाई करत नाही.

सोमवार, १ एप्रिल, सकाळी
बाबा आंघोळीला गेले तेव्हा बघितलं. कोपऱ्यात नाही, पूर्ण पानभर. अक्षर जरा थरथरलेलं, पण ओळी सरळ.

सकाळी चहा देते ती सून. तिला नाव विचारू नये, वाईट वाटतं.
बायको गेली. ती कुठे आहे असं पुन्हा विचारू नये.
बाथरूम डावीकडे.
पुस्तक संपलं की खुनी लिहून ठेवावा. नाहीतर तेच पुन्हा.
चष्मेवाला, स्वेटर घालतो तो मुलगा. वाचनालयात असतो. सहाला येतो.
याला काही कळू देऊ नये. लहानपणापासून घाबरट आहे.

खोडरबर खिशात होता.

बुधवार, ३ एप्रिल
मॅडमना सांगितलं की गुन्हेगार सापडला नाही. पण आता काळजी नको, मी प्रत्येक पुस्तक स्वतः बघून घेईन. बरं, म्हणाल्या. कपाट राहू द्या, असंही म्हणाल्या. सापळ्याच्या पुस्तकाची नोंद गहाळ अशी केली. ते उशीखाली आहे.

डेंटिस्टची माफी मागितली. ते म्हणाले की कोठीवाल्याचं पुस्तक त्यांनी शेवटी वाचलं. कोण ते आधीच माहीत असलं की त्याच्याकडे पहिल्यापासून नीट लक्ष जातं, वाईट नाही लागत. आणखी एक मागून घेऊन गेले.

डॉक्टर शुक्रवारी सव्वाअकरा. फोन मीच केला. आवाज ठीक होता, असं बायको म्हणाली.

सहाला पाच कमी असताना घरी. उकाडा आहे, पण स्वेटर घालूनच गेलो. बाबा दाराशी, बूट घालून. बघितल्याबरोबर, आलास का, म्हणाले. आलो, म्हटलं. खाली बसून त्यांच्या बुटाच्या नाड्या सोडत होतो, तेव्हा त्यांनी विचारलं की मग खुनी कोण निघाला. मी म्हणालो की अजून पत्ता नाही.

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. घाबरू नकोस, म्हणाले, शेवटपर्यंत सापडतो.