सतरा नंबरची हिरवी पानं

३ फेब्रुवारी

झाकणं पुन्हा फुटली! प्रयोगशाळेत मातीऐवजी पाण्याच्या बरणीवर रोपं धरून ठेवायला भोकांची झाकणं लागतात, एवढंही त्या स्टोअरवाल्याला कळू नये? म्हणे, "मॅडम, पुढच्या वर्षीच्या मागणीत टाका." तोवर रोपांनी काय हवेत लटकायचं?

बाबांना म्हटलं, मला एक अल्युमिनियमचं करून द्या. जन्मभर पत्र्याचं काम केलं त्यांनी. आता हात थरथरतात म्हणून दोन वर्षं हत्यारं कपाटात आहेत. लगेच उठले.

९ फेब्रुवारी

झाकण आलं. वरून हिरवा रंगसुद्धा! बारा भोकं, एकही कड हाताला लागत नाही. भाताच्या माझ्या लाडक्या सतरा नंबरच्या वाणाला दिलं. बाकीचे वाण उरल्यासुरल्या प्लास्टिकवर.

२ मार्च

बरण्यांतल्या पाण्यात रोपांना लागणारं सगळं दिलंय, फक्त जस्त नाही; बघू कोण तगतं. बाकीच्या वाणांची पानं पांढरी पडली. सतरा हिरवागार!

मुळांना दारं असतात, धातू आत घेणारी. दार कसं बांधायचं ते जीन ठरवतो. सतराचं दार भलतंच हावरं असणार, पाण्यात चुकून राहिलेला कणही सोडत नाही. म्हणजे जस्त कमी असलेल्या जमिनीतही तो वाढेल. (अशाच दारांतून कॅडमियमसारखं विषही आत घुसतं. आमच्या विभागाचं दार तर फक्त त्याच्यासाठीच उघडं असतं.)

विभागप्रमुख सर म्हणाले, "हे टिकलं तर तुमची जागा कायम." नऊ वर्षं कंत्राटावर काढली. आज पहिल्यांदा त्यांनी मला बसा म्हटलं.

१९ मार्च

चष्मा! हा चष्मेवाला सहकारी माझ्यानंतर आला आणि माझ्याआधी कायम झाला. त्याने सतराचं बी नेऊन स्वतःच्या बिनजस्ताच्या बरण्यांत लावलं. रोपं मेली. वर सगळ्यांदेखत मलाच म्हणतो, "तुमच्याकडे कुठून तरी जस्त शिरतंय. तपासा एकदा."

नाचता येईना, अंगण वाकडं. तरी टाकीतलं पाणी तपासलं. शुद्ध! "टाकीतलं नाही, बरणीतलं," तो म्हणाला. माझ्या बरण्यांना हात लावू देईन तर शपथ.

२० मार्च

आज त्याला सगळ्यांसमोर म्हटलं, "रोपं तुम्ही मुद्दाम मारलीत." तो चष्मा पुसत राहिला. बरं वाटलं.

खोटं कशाला लिहू. नाही वाटलं.

३ एप्रिल

कायम!! आदेश हातात आहे. शोधनिबंध सोमवारी जाणार. पहिलं नाव सरांचं, हे सांगायलाच नको. सतराला रोज पाणी त्यांनीच घातलं ना!

५ एप्रिल

बाबांनी आदेश दोनदा वाचून घेतला. मग हळूच म्हणाले, "एक सांगू? रागावू नकोस. तू अल्युमिनियम म्हणालीस, पण ते लगेच वाकतं गं. मी जस्ती पत्रा वापरला. वरून रंग मारला, तुला कळलंसुद्धा नाही! वीस वर्षं गंजायचा नाही."

जस्ती पत्रा. जस्ताचा मुलामा दिलेला.

रविवार असून प्रयोगशाळेत गेले. झाकण उलटं केलं. आतल्या बाजूला रंगाचे पोपडे सुटलेत. खाली उघडा पत्रा, त्यावर वाफेचे थेंब. माझ्यासमोर एक बरणीत पडला. दोन महिने सतरा तेच पीत होता. दारबिर काही नाही. बरणीतलं पाणी मीच कधी तपासलं नाही!

६ एप्रिल

सरांना सांगितलं. निबंध थांबला. आदेश त्यांनी परत मागून घेतला. चष्म्याची माफी मागितली, सगळ्यांसमोर.

घरी आल्या आल्या बाबांनी विचारलं, "झाकण टिकलंय ना?"

म्हटलं, "त्याला काय धाड भरलीय, बाबा!"